खिडकीकडची जागा

खिडकीकडची जागा मिळावी ही प्रवासी मनुष्याची इच्छा फार जुनी आहे. एस. टी.च्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची जी विद्या महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिचे मूळ केवळ बसावयास मिळावे या गरजेत नाही. कारण रुमाल टाकणारा, निवडीला वाव असल्यास, तो बाकाच्या मध्यावर टाकीत नाही, खिडकीशीच टाकतो. लहान मूल त्या जागेसाठी रडते आणि मोठा मनुष्य रडत नाही, एवढाच काय तो दोघांतील भेद. तथापि गाडीच्या खिडकीचे उपयोग अनेक आहेत. तिच्यातून वारा येतो, स्टेशनावरचा चहा आत घेता येतो, निरोप द्यावयास आलेल्यांशी चार शब्द बोलता येतात. तेव्हा तिची इच्छा करणारा नेमके काय इच्छितो हे निवडून काढणे कठीण असते.

विमानाच्या खिडकीने हा घोटाळा नाहीसा केला आहे. ती उघडत नाही; तिच्यातून वारा येत नाही, चहा तर नाहीच नाही. उलट तेथे बसणाऱ्यास उठावयाचे झाल्यास दोन गुडघे ओलांडून जावे लागते. तिच्यापासून मिळण्याजोगी वस्तू एकच, आणि ती म्हणजे दृश्य. त्यासाठी लोक आठ-आठ दिवस आधी जागा निवडून ठेवतात, आणि पुष्कळ विमान कंपन्या त्या निवडीचे वेगळे मूल्य आकारतात. अशा स्थितीत खिडकीकडची जागा विकत घेणारा मनुष्य नक्की काय विकत घेतो, हा प्रश्न आमच्या मते केवळ विनोदाचा नाही.

प्रथम या निवडीचे शास्त्र थोडक्यात पाहू. कारण ज्याला शास्त्र ठाऊक नाही त्याच्या हाती पैसे देऊनही विमानाचा पंखच पडावयाचा. दिल्लीहून काठमांडूस जाणारे विमान घ्या. अंतर सुमारे ८०० किलोमीटर, वेळ सुमारे दीड तास. विमानाचे तोंड आग्नेय-पूर्वेकडे असते, म्हणून हिमालय सगळा डाव्या हातास राहतो. सहा जणांच्या रांगेच्या विमानात डावीकडील खिडकीस 'ए' आणि उजवीकडील खिडकीस 'एफ' हे अक्षर असते. तेव्हा जाताना 'ए' आणि परतताना 'एफ' असा हा सोपा हिशेब आहे. दहा किलोमीटर उंचीवरून क्षितिज साडेतीनशे किलोमीटरांहून थोडे अधिक दूर असते, त्यामुळे हवा निवळ असल्यास प्रथम मागल्या अंगास नंदादेवी, मग ८१६७ मीटर उंचीचा धवलगिरी, त्याच्या पलीकडे काली गंडकीचे खोल खोरे टाकून अन्नपूर्णा आणि तिच्याही पुढे मनास्लू अशी ओळ उलगडत जाते. पावसाळा सरल्यानंतरचे आश्विन-कार्तिकाचे दिवस यास उत्तम. चैत्र-वैशाखात धूसर हवेत डोंगर विरून जातात. दुपारी सूर्य दक्षिणेस असतो, म्हणजे डावीकडे बसलेल्याच्या डोळ्यांवर ऊन येत नाही आणि तेच ऊन बर्फाच्या दक्षिण अंगावर पडलेले त्याला दिसते. पंखाच्या पुढची जागा चांगली. पंखावरची जागा घेतल्यास खाली पाहता येत नाही, आणि पंखाच्या लगत मागे बसल्यास इंजिनातून निघणाऱ्या तप्त वायूने दृश्य थरथरते. काही विमानांत एखाद्या रांगेपाशी वातानुकूलनाच्या नळ्या भिंतीतून वर नेलेल्या असतात व तेथे खिडकीच नसते. 'खिडकीकडची' म्हणून घेतलेल्या त्या जागेवर बसून कोऱ्या भिंतीकडे पाहण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना वेदान्त वेगळा शिकविण्याचे कारण नाही.

या शास्त्रातील एक कलम मात्र असे आहे की त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. सूर्य ज्या बाजूस असेल त्याच्या उलट बाजूस बसणाऱ्याला, खाली ढगांचा थर असल्यास, विमानाची सावली त्या ढगांवर धावताना दिसते आणि तिच्याभोवती रंगीत कडी दिसतात. आपल्याकडे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहून खालच्या धुक्यात हेच चक्र पाहणारे पुष्कळ आहेत. त्याला 'इंद्रवज्र' म्हणतात. स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस या डोंगरावर १८९४ साली सी. टी. आर. विल्सन या तरुण शास्त्रज्ञाने असलीच कडी पाहिली, आणि ती प्रयोगशाळेत कृत्रिम ढगात पुन्हा उत्पन्न करावी या हौसेतून त्याने पुढे ते मेघपात्र बनविले, ज्यामुळे डोळ्यांस न दिसणाऱ्या कणांचे मार्ग दिसू लागले. त्याबद्दल १९२७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु आम्हांस येथे सांगावयाचे ते निराळेच. या कड्यांचा मध्यबिंदू विमानाच्या सावलीत कोठेही पडत नाही. पाहणारा ज्या जागी बसला असेल, सावलीतील नेमक्या त्याच जागी तो पडतो. सातव्या रांगेतील मनुष्यास तो सातव्या रांगेपाशी दिसतो, विसाव्या रांगेतील मनुष्यास विसाव्यापाशी. दोघांनीही ढग एकच पाहिला, सावली एकच पाहिली, आणि प्रत्येकाला प्रभामंडल मात्र स्वतःच्याच मस्तकाभोवती दिसले! यात सृष्टीची काही लबाडी नाही; प्रकाश जलबिंदूंवरून परत फिरतो तो ज्याच्या त्याच्या डोळ्याकडे, इतकेच. पण खिडकीपाशी बसणाऱ्याच्या मनाची जी अवस्था पुढे आम्हांस वर्णावयाची आहे, तिचे याहून चांगले चित्र सापडणार नाही.

कोणी म्हणेल, इतका हिशेब करून मिळविलेले दृश्य ते काय दृश्य! अवचित समोर आले त्यातच खरा आनंद. हा आक्षेप ऐकावयास गोड आहे, पण त्यात फारसे पाणी नाही. ग्रहणाची वेळ पंचांगात पाहून ठेवणाऱ्यास ग्रहण कमी दिसते असे आम्ही ऐकलेले नाही. ज्याला एखाद्या वस्तूची ओढ आहे तो तिच्या वाटेवर आधी जाऊन उभा राहणारच, आणि ते त्या वस्तूला मान देणेच होय.

खरी अडचण दृश्य मिळाल्यावर सुरू होते. जागा त्याची, हे उघड आहे. त्याने दाम मोजला आहे. मग जागेबरोबर खिडकी त्याची काय? आणि खिडकीबरोबर हिमालय? कायद्याला विचारावे तर तो फार जुन्या काळापासून याबाबतीत कोरडा आहे. इंग्लंडात १६१० साली आल्ड्रेड नावाच्या एका गृहस्थाच्या खटल्यात असे ठरले, की शेजाऱ्याने उजेड व वारा अडविल्यास दाद मागता येईल, पण घरातून दिसणारा देखावा अडविल्यास येणार नाही; कारण देखावा ही केवळ सुखाची बाब आहे, गरजेची नव्हे. आपल्याकडील १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यानेही वीस वर्षे निर्वेधपणे उपभोगलेल्या उजेडाला आणि वाऱ्याला संरक्षण दिले. देखाव्याला त्या पंक्तीत बसविले नाही. न्यायाधीशांचा हा निवाडा व्यवहाराला धरून आहे यात शंका नाही, नाहीतर गावात दुसरा मजला कोणालाच बांधता आला नसता. परंतु देखावा म्हणजे केवळ सुख, या त्यांच्या प्रमेयाबद्दल आमच्या मनात पुढील प्रसंगाने संशय उत्पन्न केला.

कार्तिकातील एका दुपारी दिल्लीहून काठमांडूस जाणाऱ्या विमानात आम्ही मधल्या वाटेलगतच्या जागेवर होतो. खिडकीशी एक सुशिक्षित गृहस्थ होते. त्यांनी वर सांगितलेले शास्त्र पुरते जाणले होते आणि डावीकडील, पंखापुढची जागा जादा मोल देऊन घेतली होती, हे त्यांनीच आनंदाने सांगितले. आमच्या दोघांच्या मध्ये पंचविशीचा एक नेपाळी तरुण बसला होता. त्या देशाचे लक्षावधी तरुण आखाती देशांत व मलेशियात मजुरी करतात. हा त्यांपैकीच एक, तीन वर्षांनी कतारहून परतणारा. त्याचे तिकीट मुकादमाने काढलेले, जागा जी वाट्यास आली ती. पारपत्र आणि कागद असलेली प्लास्टिकची पिशवी त्याने प्रवासभर हातातून सोडली नाही.

धवलगिरी दिसू लागला तेव्हा खिडकीशी बसलेल्या गृहस्थांनी मोबाईल काचेला लावून चार-पाच छायाचित्रे घेतली, ती उघडून पाहिली, त्यांतले एक कोणास तरी पाठविण्यासाठी बाजूला ठेवले, आणि खिडकीची झडप खाली ओढून ते एक चित्रपट पाहू लागले. त्यांचे पाहून झाले होते. थोड्या वेळाने आम्ही त्यांस विचारले, "झडप थोडी वर घेता येईल काय? यांनाही पाहावयाचे असेल." त्यांनी तितक्याच सभ्यपणे उत्तर दिले, "उजेडाने पडदा नीट दिसत नाही. शिवाय ही जागा मी त्यासाठीच पैसे देऊन घेतली आहे." तरुण आपला पायांकडे पाहून हसला, जणू मागणी त्याच्या नावाने झाली म्हणून तोच संकोचला होता.

त्या गृहस्थांवर रागावणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही आहे. त्यांनी कोणाचे काही घेतले नाही. ते दमलेले असतील. झोपेसाठी, आजारासाठी, डोळ्यांवर येणाऱ्या तिरिपेसाठी झडप लावावी लागते आणि लावणाऱ्याने प्रत्येक वेळी सभा भरवून मते घ्यावीत असे कोणी म्हणणार नाही. मळ्यातील विहिरीचा धनी जो असेल तोच तिचा धनी, हे आम्हांसही मान्य आहे. पण आपल्या लोकांनी विहिरीच्या धन्यावर एक न लिहिलेले बंधन घातले आहे: वाटसरूला तो पाण्याला नाही म्हणत नाही. आणि पाणी तर दिल्याने तांब्याभर का होईना कमी होते. अन्नपूर्णा शेजाऱ्याने पाहिल्याने तिच्या ८०९१ मीटरांतील एक तसूही उणी होत नाही. जी वस्तू वाटल्याने घटत नाही ती न वाटण्यास कृपणता हा शब्दही अपुरा वाटतो. कृपणाला निदान संचयाचे सुख असते. येथे तेही नाही. गृहस्थांनी दृश्य स्वतःसाठी राखून ठेवले नव्हते, ते नुसते बंद केले होते.

विमान उतरू लागले तेव्हा हवाई सेविका आली आणि तिने झडप उघडावयास सांगितली. उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी खिडक्या उघड्या असाव्यात असा रिवाज आहे, तो देखाव्यासाठी नव्हे. काही अपघात झालाच तर बाहेर आग कोणत्या अंगास आहे ते आतून कळावे, आणि डोळे बाहेरच्या उजेडास सरावलेले असावेत, यासाठी. आमच्या विनंतीने जे झाले नव्हते ते भीतीच्या नियमाने झाले. गृहस्थांनी बाहेर डोकावून, तरुणाला उद्देशून, खरोखरच मनापासून म्हटले, "हिमशिखरे मागे राहिली. आता पाहण्यासारखे काही नाही."

खाली महाभारत रांगेचे डोंगर होते. त्यांच्या उतारांवर पायऱ्यापायऱ्यांची शेते, मधूनमधून उन्हात चकाकणारे पत्रे, तांबड्या पायवाटा. तरुण पुढे झुकला. दोन्ही हात त्याने गुडघ्यांत धरून ठेवले होते, शेजाऱ्याला धक्का लागू नये म्हणून. बराच वेळ तो बोलला नाही. मग हिंदीत, कोणालाच उद्देशून नाही असे, म्हणाला, "भात अजून कापलेले नाही."

त्याचा गाव त्या डोंगरात नव्हता, पुष्कळ पश्चिमेस होता, हे त्याने मागाहून सांगितले. पण भाताचा पिवळा रंग त्याला वरून वाचता आला, आणि आपण कापणीला पोहोचतो आहोत हे त्याने त्यावरून जाणले. १६१० सालच्या न्यायाधीशांनी हा देखावा सुखाचा म्हटला असता की गरजेचा, हे सांगणे आम्हांस कठीण वाटते. आणि 'उत्तम देखाव्याची जागा' या शब्दांत 'उत्तम' कोणाच्या डोळ्यांनी ठरवावयाचे, हे तर त्याहून कठीण. हिमशिखरांची यादी छापता येते, त्यांची उंची मोजता येते. नेपाळ आणि चीन यांनी २०२० साली एव्हरेस्टची उंची ८८४८.८६ मीटर म्हणून जाहीर केली, ती शतांश मीटरापर्यंत. न कापलेल्या भाताची अशी यादी कोणी छापीत नाही.

यावरून आम्हांस रघुवंशाच्या तेराव्या सर्गाची आठवण होते. लंकेहून अयोध्येस परतताना पुष्पक विमानातून राम सीतेला खालची भूमी दाखवीत जातो, असा तो सर्ग आहे. कालिदासाने तेथे वातायनाचा, म्हणजे खिडकीचा, स्पष्ट उल्लेख केला आहे. आणि खिडकीशी बसलेली आहे ती सीता. कुतूहलाने ती हात बाहेर काढते, मेघाला स्पर्श करते, आणि तो मेघ विजेचे कंकण तिच्या हाती घालतो. विमान जिंकून आणणारा राम. कोणत्याही कंपनीच्या नियमाने जागेचा पहिला हक्क त्याचाच! तरी तो खिडकीशी नाही, तो दाखविणारा आहे. आणि दाखवितो तरी काय? समुद्र आणि पर्वत दाखवितोच. पण त्याबरोबर सीतेच्या शोधात आपण कोठे रडलो, तिचे पडलेले नूपुर आपल्याला कोठे सापडले, तेही दाखवितो. खालची भूमी त्या दोघांना देखावा नव्हती. वनवासाची चौदा वर्षे आणि त्यांतील विरहाचे दिवस तेथे पसरलेले होते. वरून पाहणे त्यांना शोभले, कारण ती वाट ते आधी पायांनी चालले होते.

वाट न चालता वरून पाहिले की काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. 'हवाई पाहणी' हा शब्द आपल्या वृत्तपत्रांत एका वेळी मोठ्या गांभीर्याने छापला जात असे. आज खेड्यातील मनुष्य तो उच्चारतो तेव्हा त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काय असते ते पाहावे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांनी सांगली-कोल्हापूरकडील गावे बुडविली, त्या वेळची आकाशातून घेतलेली छायाचित्रे आठवा. पाण्याचा सपाट, विस्तीर्ण, चकाकता पत्रा. त्यातून वर आलेले झाडांचे शेंडे. कौलांच्या तांबड्या रेघा. काय घडते आहे हे ठाऊक नसेल, तर ते चित्र सुंदर आहे असेच कोणीही म्हणेल. गोठ्यात दावणीला बांधलेली जनावरे त्या उंचीवरून दिसत नाहीत. पाहणी करणाऱ्यांत कळवळा नव्हता असे आम्ही म्हणत नाही. वरून पाहिल्यावाचून पुराचा विस्तार कळत नाही आणि मदतीची आखणी होत नाही, हेही खरे. पण तेवढ्या उंचीवर दुःखाचे रूपांतर आकृतीत होते, आणि आकृती डोळ्याला सुखविते. याला पाहणारा मनुष्य दुष्ट असावा लागत नाही. खिडकीशी बसून खालच्या नदीचे वळण पाहून आपण 'वा!' म्हणतो, तेव्हा त्या वळणावर राहणारा कोणी आपल्या बोलण्यात नसतो, इतकेच. मधल्या जागेवरील तरुणाचे पाहणे आणि आमचे पाहणे यांत जो फरक पडला तो येथे. त्याची जागा खिडकीपासून एक हात दूर होती आणि त्याची नजर जमिनीला आमच्याहून जवळ होती.

मग ज्याला ओळख आहे त्यालाच खिडकी द्यावी काय? तसा नियम केल्यास विमानात चढण्यापूर्वी परीक्षा घ्यावी लागेल, आणि परीक्षेत उत्तीर्ण होण्याची आपल्या वर्गाची हातोटी पाहता तो तरुण पुन्हा मधल्याच जागेवर बसेल. अपरिचित भूमी पाहण्याची तहानही खरी असते. तिची टवाळी करणे आम्हांस पसंत नाही. ३ एप्रिल १९३३ रोजी पूर्णियाजवळून उडालेली दोन विमाने प्रथमच एव्हरेस्टच्या माथ्यावरून गेली. त्यांतील एकात चलच्चित्र घेण्यासाठी बसलेल्या बॉनेट या गृहस्थाची प्राणवायूची नळी ऐन वेळी चिरली. त्याने चिरेवर रुमाल बांधला आणि तो काम करीत राहिला, अखेर बेशुद्ध होऊन तळाशी कोसळला. विमान खाली आले तेव्हा सावध झाला. ज्या दृश्यासाठी इतके केले त्यातले किती त्याच्या स्वतःच्या वाट्यास आले असेल? पण तो तेथे पाहण्यासाठी गेलाच नव्हता, इतरांस दाखविण्यासाठी गेला होता, आणि आम्ही त्याला खिडकीचा अधिकारी समजतो.

आजकाल काठमांडूहून भल्या सकाळी पर्वतदर्शनाची विमाने सुटतात. तासाभराची फेरी, एव्हरेस्टपर्यंत जावयाचे आणि परत फिरावयाचे, म्हणजे जाताना एका बाजूस व येताना दुसऱ्या बाजूस शिखरे येतात. दोन्ही अंगांस दोन-दोन जागांच्या विमानात ते केवळ खिडकीकडच्या जागा विकतात. वाटेलगतच्या सगळ्या जागा रिकाम्या. भांडणाचे मूळच काढून टाकले आहे! प्रत्येकाच्या हाती शिखरांची नावे छापलेला एक कागद देतात. विमान पूर्वेकडे निघते, कपाळे काचांना टेकतात, आणि काही वेळ कोणी बोलत नाही. मग कोणी तरी हातातला कागद पाहतो, बाहेर पाहतो, पुन्हा कागद पाहतो, आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून म्हणतो, "गौरीशंकर तो हाच ना?" तेथे कोणी नाही हे लक्षात येऊन तो जरा थबकतो, आणि पट्टा सोडून, मधली वाट ओलांडून, पलीकडच्या अनोळखी प्रवाशाच्या खांद्याशी कागद घेऊन उभा राहतो.